नाडीची गती आणि यंत्राचे बोट

नाडीपरीक्षणाला यंत्र असावे की नसावे, हा वाद आपल्या व्यवसायबंधूंत अधूनमधून रंगतो. यंत्र तर केव्हाच आले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईचे आयआयटी येथील संशोधकांचा ‘नाडी तरंगिणी’वरील निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. वात, पित्त व कफ यांच्या स्थानी तीन दाबसंवेदक ठेवून नाडीचे तरंग नोंदविणे, ही त्याची रीत. प्रयत्न स्तुत्यच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ते बोट नेमके काय मोजते?

शार्ङ्गधरांनी वातनाडीला सर्प व जळू, पित्तनाडीला कावळा व बेडूक आणि कफनाडीला हंस व पारवा यांच्या चालीची उपमा दिली आहे. बेडूक वर उसळतो. सर्प आडवा सरपटतो. आमच्या समजुतीप्रमाणे ‘गती’ या शब्दात दाबाइतकीच दिशाही अभिप्रेत आहे. केवळ सरळ खाली-वर होणारा दाब मोजणाऱ्या संवेदकाला बेडूक कदाचित सापडेल, सर्प मात्र निसटेल. आपल्या बोटाच्या अग्राला दोन्ही कळतात, कारण तेथील त्वचेत दाब, कंप आणि ताण यांची वार्ता देणारी संवेदी टोके निरनिराळी आहेत.

अलीकडे यंत्रमानवांच्या बोटांसाठी सिलिकॉन रबराचे लवचीक स्पर्शसंवेदक तयार होत आहेत. त्यांपैकी एका प्रकारात मऊ उंचवट्याखाली चार सूक्ष्म कपॅसिटर असतात. दाब सरळ आला की चारांचीही नोंद सारखी वाढते; आडवा ओढा बसला की एका बाजूची वाढते, समोरची घटते. या फरकावरून बलाची दिशा कळते. नाडीयंत्राला हवे ते असेच काही, असे आम्हांस वाटते.

गेल्या कार्तिकात, निर्मळची यात्रा भरली असताना, एक विक्रेते असे यंत्र घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. वाडीत भाजी पिकविणाऱ्या एका परिचित रुग्णाचा अहवाल पित्तप्रधान निघाला. पट्टा सोडून पुन्हा बांधला, तर तोच वातप्रधान! हसू आले खरे. पण त्याच रुग्णाच्या आमच्या जुन्या केसपेपरांत सकाळी एक आणि सायंकाळी दुसरी नाडी आमच्याच अक्षरात सापडली. (आमच्या पट्ट्याची तक्रार कोणाकडे करावी?)

औषधालयचालक बंधूंना आमची विनंती अशी की, काउंटरवर यंत्र ठेवून छापील टक्क्यांवर काढे विकण्यापूर्वी विक्रेत्यास पट्टा तीनदा सोडून बांधावयास सांगावे आणि यंत्र आडवे बल मोजते काय, हे विचारावे. वैद्यांनीही दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांस न सांगता, एकाच रुग्णाची नाडी लिहून ठेवावी. संशोधकाने यंत्र कोणाच्या बोटाशी ताडून पाहावे, हे त्याशिवाय ठरणार कसे? आम्ही शेजारच्या एका वैद्यमित्रासह अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानांवर मतभेदच अधिक आहेत.