झुरळाचा सीन कुणी कापला?

‘द सोशल नेटवर्क’ कुणाचा सिनेमा? मित्रांना विचारा. बहुतेक जण म्हणतील, फिंचरचा. तो लिहिलाय ॲरन सॉर्किनने, पण ते नाव फारसं कुणी घेत नाही. सिनेमा म्हणजे दिग्दर्शक, हे आपण गृहीतच धरलंय. मला ते मान्य नाही. माझा साक्षीदार बिली वाइल्डर.

१९०६ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत, ज्यू घरात जन्मलेला वाइल्डर बर्लिनमध्ये पटकथा लिहायचा. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याने जर्मनी सोडली. पुढे अमेरिकेच्या व्हिसासाठी तो मेक्सिकाली या सीमेवरच्या गावात ताटकळला. तो अनुभव त्याने चार्ल्स ब्रॅकेटसोबत लिहिलेल्या ‘होल्ड बॅक द डॉन’मध्ये (१९४१) उतरवला. व्हिसासाठी अडकलेला नायक हॉटेलच्या खोलीत भिंतीवरच्या झुरळाला विचारतो, तुझी कागदपत्रं कुठायत? नायकाचं काम करणारा शार्ल बोये अडून बसला: झुरळाशी मी बोलणार नाही. दिग्दर्शक मिचेल लायसनने सीन काढून टाकला.

वाइल्डरने स्वतः भोगलेलं एका नटाच्या मूडपायी गेलं. पुढच्याच वर्षी ‘द मेजर अँड द मायनर’पासून तो हॉलिवूडमध्ये स्वतः दिग्दर्शन करू लागला. त्याला खुर्चीची हौस नव्हती, लिहिलेलं वाचवायचं होतं.

मी कोड लिहितो. एकदा माझ्या फीचरमधला महत्त्वाचा भाग मला न विचारता काढला गेला आणि उरलेलं दुसऱ्याच्या नावाने डेमोत झळकलं. नाव गेल्याचं वाईट वाटलंच, पण मोडतोडीचं जास्त वाटलं.

‘दिग्दर्शक झाला म्हणूनच तो मोठा झाला ना?’ हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो. दिग्दर्शक झाल्यावरही वाइल्डर एकटा लिहीत नव्हता. ‘डबल इंडेम्निटी’ला रेमंड चँडलर, ‘सनसेट बुलेवार्ड’ला ब्रॅकेट, ‘द अपार्टमेंट’ला आय. ए. एल. डायमंड सोबत होते. ‘सनसेट’चा नायकही पटकथालेखकच, आणि सिनेमा सुरू होतो तेव्हा त्याचं प्रेत स्विमिंग पूलमध्ये तरंगत असतं. लेखकाची हॉलिवूडमधली किंमत यापेक्षा स्पष्ट कशी सांगणार?

वाइल्डर २००२मध्ये गेला. सहा ऑस्कर मिळवलेल्या या माणसाच्या थडग्यावर तो दिग्दर्शक असल्याचं लिहिलेलं नाही. मी लेखक आहे, पण परिपूर्ण कोण असतं, अशा अर्थाचं वाक्य आहे. त्याचा दुसरा भाग म्हणजे ‘सम लाइक इट हॉट’चा शेवटचा संवाद. तो डायमंडला सुचला होता, हे वाइल्डर स्वतः सांगायचा.

आपण निदान श्रेयनामावली स्किप न करता लेखकाचं नाव वाचू शकतो. सिनेमाबद्दल पोस्ट टाकताना ते लिहूही शकतो.