लढाऊ विमानाचा सिम्युलेटर : घ्यावा की न घ्यावा?

शिंदे की छावणी भागातील एका वाचक सद्गृहस्थांनी या सदराकडे एक प्रश्न धाडला आहे. त्यांचे चिरंजीव अकरावीत शिकतात. विषय गणित व पदार्थविज्ञान, आणि मनात ध्यास एकच, वायुदलात वैमानिक होण्याचा. चिरंजीवांनी आता लढाऊ विमान चालविण्याचा एक नवा संगणकीय सिम्युलेटर मागितला आहे. हा खर्च शिक्षणाच्या खात्यावर घालावा की करमणुकीच्या, असे पत्रकर्ते विचारतात. त्यांच्या पगारदार संसाराला हा खर्च लहान नाही, आणि मुलाची इच्छा मोडण्याचेही त्यांच्या जिवावर येते. प्रश्न अर्थात एका घरापुरता नाही. महाराजपुऱ्याच्या तळावरून उठणाऱ्या मिराजची गर्जना ऐकत ज्या गावची मुले लहानाची मोठी होतात, तेथे असे ध्यास घरोघरी असावयाचेच.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. संगणकावर विमाने पाडण्याचे खेळ पुष्कळ आहेत. त्यांत बटण दाबले की विमान उडते व दुसरे दाबले की शत्रू पडतो. सिम्युलेटर त्या जातीचा नव्हे. त्यात विमानाचे वजन, इंधन, पंखांवरील हवेचा दाब, एंजिनाचे तापमान या सर्वांचा हिशेब संगणक क्षणोक्षणी मांडीत असतो. विमान धावपट्टीवर आणण्यापूर्वी विजेची कळ, इंधनाचे पंप, एंजिन, दिशादर्शक यंत्रणा असा क्रम पाळावा लागतो व त्यातच पाच-दहा मिनिटे जातात. एकेका विमानाची मार्गदर्शिका शेकडो पानांची असते. १९९८ साली निघालेल्या 'फाल्कन ४.०' या प्रख्यात सिम्युलेटरसोबत जाडजूड ग्रंथच दिला जात असे. ज्या मुलास शेकडो पाने वाचण्याचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी प्रस्तुत प्रश्न येथेच निकालात निघाला असे समजावे.

खेळणे आणि शिक्षण यांतील सीमारेषा या वस्तूच्या जन्मापासूनच पुसट आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यात काम करीत असे. विमान शिकणे खर्चाचे, म्हणून त्याने ऑर्गनचे भाते वापरून, जमिनीवरच डोलणारे व कलणारे एक ठेंगणे विमान १९२९ च्या सुमारास सिद्ध केले. ते कोणी विकत घेईना. आरंभीची बहुतेक यंत्रे गेली ती जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत. मग १९३४ साल उजाडले. अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर अकस्मात टपाल वाहण्याचे काम आले, आणि धुक्यात व हिमवादळात केवळ यंत्रांच्या काट्यांवर विसंबून उडण्याची सवय नसल्यामुळे थोड्याच काळात सुमारे डझनभर वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे दोस्त राष्ट्रांच्या विमानशाळांत होती.

बागेतले खेळणे विमानशाळेतले साधन बनले ते कशाने? तेथे शिकाऊ उमेदवार झाकण लावलेल्या पेटीत बसे आणि बाहेर मेजाशी शिक्षक बसे. उमेदवाराने विमान कसे नेले याची शाईची रेघ शिक्षकासमोरील नकाशावर आपोआप उमटत असे. उड्डाण संपले की दोघे मिळून ती रेघ पाहत व चूक कोठे झाली ते शोधीत. शिक्षण घडे ते त्या मेजाशी. आपल्या घरी येणाऱ्या सिम्युलेटरलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

आता त्यातून काय शिकता येते? पुष्कळ काही. उंची ही साठविलेली गती आहे आणि गती ही खर्चावयाची उंची आहे, हा ऊर्जेचा नियम पुस्तकात एका ओळीत येतो. पण वळणात नाक जास्त ओढले, विमान संथ झाले आणि पाठीमागचा शत्रू वरचढ ठरला, म्हणजे तो नियम जन्मभर विसरत नाही. मिराजसारख्या त्रिकोणी पंखांच्या विमानाची गती दीर्घ वळणात झपाट्याने घटते, हे तर हाताला कळते. पंखाचा हवेशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की आधार देणारा प्रवाह तुटतो व विमान खाली कोसळू लागते, हेही तसेच. शिवाय नकाशावाचन, वाऱ्याचा हिशेब, क्रम न चुकविण्याची शिस्त आणि इंग्रजी तांत्रिक गद्य वाचण्याचा सराव हे लाभ निराळेच.

काय शिकता येत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तीव्र वळणात वैमानिकाच्या देहावर गुरुत्वाच्या नऊपट भार येतो. साठ किलो वजनाच्या माणसास आपण पाचशे चाळीस किलोंचे झालो असे वाटते, डोक्यातील रक्त खाली ओढले जाते व दृष्टी अंधारते. घरच्या खुर्चीत पडदा काळा होतो एवढेच. आणि सिम्युलेटरवर सराव केला म्हणजे वायुदलात निवड झाली, असेही नव्हे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून वायुदलाकडे जाण्यास बारावीला गणित व पदार्थविज्ञान लागते, लेखी परीक्षा लागते, दृष्टी निर्दोष लागते. वैमानिकाच्या निवडीतील संगणकीय अभियोग्यता चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. तेव्हा खगोलीय किमतीचे यंत्र आणून गणिताच्या शिकवणीला कात्री लावणारा पालक पायावर धोंडा पाडून घेईल.

'नवा' घ्यावा काय, या प्रश्नाचे उत्तर या व्यवसायाच्या इतिहासातच आहे. उपरोक्त 'फाल्कन ४.०' निघाला तेव्हा दोषांनी भरलेला होता. त्याला खरे रूप आले ते पुढे अनेक वर्षे हौशी जाणकारांनी त्यावर घेतलेल्या श्रमांमुळे. 'बीएमएस' या नावाने तो आजही उडतो. २०११ साली ब्रिटनच्या हवाई लढाईवरील 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' निघाला, तोही असाच अर्धाकच्चा. त्याची डागडुजी स्वयंसेवकांच्या एका मंडळाने केली आणि सुधारलेली आवृत्ती २०१७ च्या अखेरीस आली. लोणचे मुरल्याखेरीज त्याला चव येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता तर अपुरी वस्तू विकण्याची उघड पद्धतच पडली आहे. तिला 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात. ग्राहकाने आज पूर्ण वा किंचित कमी किंमत मोजावयाची व उरलेले काम होण्याची वाट पाहावयाची. सध्या या क्षेत्रात अग्रेसर असलेल्या 'डीसीएस वर्ल्ड'मध्ये एफ-१६ हे विमान २०१९ साली असे विक्रीस आले आणि त्यात भर पडत पडत वर्षे लोटली. ग्वाल्हेरकरांस अधिक जवळचे उदाहरण मिराजचे. त्याच सिम्युलेटरसाठी मिराज-२००० ची फ्रेंच आवृत्ती 'रॅझबॅम' या दुसऱ्या कंपनीने रचली होती. २०२४ साली तिच्यात व मूळ 'ईगल डायनॅमिक्स' कंपनीत देण्याघेण्यावरून जाहीर वाद झाला व तिने आपल्या विमानांवरील काम थांबविले. ज्यांनी पैसे भरले होते, ते दोघांच्या भांडणात मधल्या मधे अडकले. वाद कोणाच्या बाजूने खरा, हे ठरविणे आपले काम नव्हे. पण अशी वस्तू पोथीसारखी कायमची आपल्या मालकीची होत नाही. रचणारा टिकला तरच ती टिकते, हे गृहीत धरूनच पैसे मोजावेत.

मग आरंभ कोठून करावा? सुदैवाने पैसे न देता करता येतो. 'डीसीएस वर्ल्ड'चा मूळ भाग विनामूल्य असून त्यात दोन विमाने मिळतात: सुखोई-२५ टी हे जमिनीवर हल्ला करणारे रशियन विमान, आणि टीएफ-५१ हे दुसऱ्या महायुद्धातील मस्टँगचे निःशस्त्र शिकाऊ रूप. मुलाने मस्टँगपासून प्रारंभ करावा. पंख्याचे विमान सरळ उडविणे, उतरविणे, वाऱ्यात सांभाळणे हे त्यात खरोखर शिकावे लागते. कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीत बहुतेक विकाऊ विमाने दोन आठवडे मोफत चालवून पाहण्याची सोय आहे. तिचा लाभ घेतल्यावाचून एकही विमान खरेदी करू नये. सवलतीच्या दिवसांत किमती पुष्कळदा निम्म्यावर येतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या वायुदलातून निवृत्त झालेल्या मिग-२१ चे एक रूपही त्या यादीत आहे. ज्या विमानाने आपल्या आकाशाची राखण साठ वर्षांहून अधिक केली, त्याची नजाकत आणि त्याचा हट्टीपणा मुलाला त्यातून कळू शकेल. महायुद्धकालीन विमानांची आवड असल्यास 'आयएल-२' ही मालिका मुरलेली आहे. याउलट 'वॉर थंडर'सारखे खेळ दारात पैसे मागत नाहीत, पण आत गेल्यावर पदोपदी खर्चाचे आमिष दाखवितात. तेथे मुलाच्या हाती बँकेचे कार्ड देऊ नये.

सिम्युलेटरची किंमत ही एकूण खर्चातली लहान बाब आहे. घोडा फुकट मिळाला तरी खोगीर, तबेला आणि चारा सुटत नाही. साधा जॉयस्टिक काही हजारांत येतो व तो आवश्यक आहे, कारण कळफलकावर विमान उडविणे हा छळ आहे. परंतु चित्रे सुरळीत दिसण्यासाठी चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि तेथे आकडा दहा हजारांच्या पटीत जातो. साठवणुकीला शेकडो जीबी जागा व ती उतरवून घेण्यास वेगवान इंटरनेट हवे. त्यानंतर पायाचे रडर, डोक्याची हालचाल टिपणारे यंत्र, डोळ्यांवर बांधावयाचा व्हीआर संच अशी ही वाट लांबतच जाते. घरात योग्य संगणक आधीच असेल तर विचार करावा. नसेल तर केवळ यासाठी कर्ज काढून तो घेणे, हे मला मान्य नाही.

पत्रकर्त्यांस माझी सूचना अशी. पहिले दोन महिने केवळ विनामूल्य भाग व साधा जॉयस्टिक. शनिवार-रविवार एकेक तास, त्याहून जास्त नाही. प्रत्येक उड्डाणाची नोंद एका वहीत: कोणता सराव केला, काय चुकले, का चुकले. महिन्याच्या अखेरीस वडिलांनी मुलाशेजारी बसून ती वही मागावी. वडिलांना विमानातले काही कळत नसले तरी चालेल. मुलाने त्यांना 'विमान वळताना कलते का?' एवढे समजावून सांगावे. जो समजावून सांगू शकतो, तो शिकला. लिंकच्या यंत्राबाहेरील मेजावरची जागा ती हीच, आणि ती घरात कोणीतरी भरावी लागते. दोन महिन्यांनी वहीत पाने भरली असतील तर सवलतीच्या किमतीत एक, केवळ एकच पूर्ण झालेले विमान आणून द्यावे व हा खर्च निःशंकपणे शिक्षणाच्या खात्यावर घालावा. वही कोरी असेल तर मोह संपला असे समजावे. त्यात मुलाचा दोष काही नाही, आणि घरचे पैसेही वाचले.

आणखी एक गोष्ट या वयाच्या मुलाशी बोलली पाहिजे. सिम्युलेटरमध्ये विमान कोसळले की एक कळ दाबून पुन्हा धावपट्टीवर उभे राहता येते. २८ जानेवारी २०२३ च्या सकाळी ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली एक सुखोई-३० आणि एक मिराज-२००० मुरैना जिल्ह्याच्या आकाशात अपघातग्रस्त झाली. सुखोईतील दोघे वैमानिक बाहेर पडून वाचले. मिराजमध्ये एकटेच असलेले विंग कमांडर मात्र मृत्युमुखी पडले. ते बेळगावचे होते. तो युद्धाचा दिवस नव्हता, नेहमीच्या सरावाचा होता. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलाला हे सांगितल्याने त्याचा उत्साह मावळेल अशी भीती पालकांनी बाळगू नये. हे ऐकूनही ज्याचा ध्यास टिकतो, त्याचाच ध्यास खरा. आणि पडद्यावर पाडलेल्या प्रत्येक विमानातही एक माणूस बसलेला असतो, एवढे भान त्या मुलाला राहिले तर या साधनाने त्याचे नुकसान होणार नाही.

तात्पर्य, नवा म्हणून घेऊ नये. जुना, मुरलेला, आधी फुकट चाचपून पाहिलेला, वहीसह आणि वडिलांच्या सोबतीने खुशाल घ्यावा. चिरंजीवांस माझे आशीर्वाद. दोन महिन्यांनी वहीची पाने किती भरली, ते पत्रकर्त्यांनी अवश्य कळवावे.