आकडीच्या आड
लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे वर्णन केले. पण १९३२ मध्येच लंडनचे डॉ. क्रिचली आणि त्यांचे सहकारी अर्ल यांनी ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे आपल्यातच हरवणे टिपले होते. या दुर्मिळ जनुकीय विकारात मेंदूत गाठी होतात, कातडीवर पांढुरके डाग दिसतात, बहुतेकांना आकडी येते. सुमारे निम्म्या मुलांत स्वमग्नताही असते. पण घरात धास्ती आकडीचीच! मूल नजरेला नजर देत नाही, हाकेला वळत नाही, हे 'आजारामुळेच' म्हणून सोडून दिले जाते. मला हे पटत नाही. आकडीचे औषध संवाद शिकवत नाही. ते शिक्षण वेगळे, आणि लवकर हवे. डॉक्टरांकडे आकड्यांची नोंदवही नेता ना? बाळ बोट दाखवून काही मागते का, तेही तीत लिहा.