धुळीआडचे आकडे

सोयाबीन निघू लागले की कनेरगाव नाक्यावर मालाच्या गाड्यांची वर्दळ वाढते. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा 161 क्रमांकाचा महामार्ग इथून जातो, मराठवाडा आणि विदर्भाची हद्दही इथेच लागते. रस्त्याचा फुफाटा, मळणीयंत्राचा भुसा, काळ्या मातीचा धुरळा, सगळे हवेत असते. रस्त्याकडेला काटा मांडला, त्यावर कट्टा चढला, की माल विकणाऱ्याची नजर वीतभर पाटीवरच्या लाल आकड्यांवर खिळते. आणि भर दुपारी ते आकडे दिसत नाहीत. मग हमाल ओरडून सांगेल तेच वजन.

दोष उन्हाला दिला जातो, पण ऊन एकटे एवढे करू शकत नाही. काचेवर बसलेली धूळ आकड्यांचा उजेड फारसा अडवत नाही. ती उन्हाचा उजेड चोहीकडे उधळते. त्यामुळे आकड्यामागची काळी पाटी पांढुरकी होते आणि लाल रेघ तिच्यात विरून जाते. रात्री तीच धूळ असताना तेच आकडे ठळक दिसतात. स्वतःचा उजेड नसलेल्या करड्या एलसीडी पाटीचे हाल याहून वाईट. तिथे बाहेरचा उजेड धुळीतून आत जातो आणि धुळीतूनच परत येतो, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडा थोडा गळतो.

त्यावर लोक करतात काय, तर खांद्यावरच्या कोरड्या रुमालाने पाटी खसाखसा पुसतात. रस्त्याच्या खडीची भुकटी ॲक्रिलिकच्या झाकणापेक्षा कितीतरी कठीण असते. दोन हंगामांत झाकणावर ओरखड्यांचे जाळे होते, मग धूळ नसली तरी पाटी पांढुरकीच. आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग ओलसर मऊ फडके, एवढेच करायचे असते.

याहून गंभीर गोष्ट आत घडते. काट्याचा प्रत्येक अंक सात रेघांनी बनतो. एलसीडी पाटीत काच आणि सर्किट यांना जोडणारी वीजवाहक रबरी पट्टी असते. तिथे धूळ शिरली, पावसाळ्यात ओल धरली, की एखादी रेघ उमटेनाशी होते. 8 ची मधली रेघ गेली की 0 दिसतो, उजवीकडची वरची गेली की 6, डावीकडची खालची गेली की 9. अठ्ठावन्न किलोचा कट्टा पन्नासचा वाचला जातो, आणि काटा मात्र आत अचूक तोलत असतो. यात कुणाची लबाडी असेलच असे नाही, पण पैसे मात्र शेतकऱ्याचेच जातात. बरेच काटे चालू करताना क्षणभर सगळीकडे 8 दाखवतात, ते याचसाठी. तो क्षण पाहण्याचा आग्रह माल विकणाऱ्याने धरलाच पाहिजे, आणि काटेवाल्याने त्याला नकार देता कामा नये.

धूळबंद पाट्या मिळतात. आयपी 65 असा शिक्का असलेल्या खोक्यात धूळ शिरत नाही. आयपी 54 मध्ये थोडी शिरते, मात्र कामात अडथळा येईल इतकी नाही. उघड्यावरच्या काट्याला पहिलाच शिक्का हवा. खर्च वाढेल हे खरे, पण तो खरेदीदाराने सोसायचा आहे.

वैधमापन कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2011 पासून. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. थेट गिऱ्हाइकाला विकण्याच्या काट्यावर वजन दोघांनाही स्पष्ट दिसले पाहिजे, असा दंडकही आहे. मग शेतकरी विकणारा असला म्हणून त्याच्या वाट्याला धूसर पाटी का? वजन बरोबर दाखवणे आणि दाखवलेले वजन वाचता येणे, या दोन्ही मिळून तोलाचा खरेपणा होतो. निरीक्षकाने प्रमाणित वजने ठेवून शिक्का मारण्याआधी काटा दुकानाच्या सावलीतून उन्हात आणावा, सगळ्या रेघा पेटवून पाहाव्यात आणि माल विकणारा जिथे उभा राहतो तिथून आकडा वाचावा. वाचता आला नाही, तर पाटी बदलेपर्यंत शिक्का मारू नये. येत्या सोयाबीनच्या हंगामापासून हे सुरू करायला नव्या कायद्याची गरज नाही.