दिवेलागणीला माय गाठोडं बांधते

आजची पोस्ट लांब आहे. एरवी मी रस्ते, पीकविमा, लाईट, दवाखाना यावर लिहितो. आज घरातलं लिहायलोय. पण शेवटपर्यंत वाचा, हा विषय माझ्या एकट्याच्या घराचा नाही.

परवा 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन झालं, भाषणं झाली, पोरांनी घोषणा दिल्या. संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणीतरी फटाक्यांची लड लावली. घरात माय उठली, लुगड्याच्या धडुत्यात दोन भाकरी, एक पितळी वाटी आणि माझ्या नातवाचा सदरा बांधला आणि मला म्हणली, "दादा, रझाकार यायलेत. उठ. नदी ओलांडायची."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो जाऊन वीस वर्षं झाली. मी तिचा मुलगा.

मायचं वय चौऱ्याऐंशी. तिचं माहेर पैनगंगेच्या काठी. 1948 ला ती सात वर्षांची होती. अल्याड निजामाचं राज्य, पल्याड उमरखेडचा मुलूख वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. त्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं तिच्या घरच्यांनी रातोरात गाव सोडलं. नदीला पूर होता. उतार मिळेपर्यंत एक रात्र काठावरच्या झाडीत काढली. 13 सप्टेंबरला फौजा शिरल्या, 17 ला निजाम शरण आला, मग हे लोक परत आले. मी लहान असताना ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली होती. आता गेली तीन वर्षं ती रोज संध्याकाळी तीच रात्र जगायलीय.

तिला डिमेन्शिया आहे. आपल्याकडं याला म्हातारचळ म्हणतात. "साठी बुद्धी नाठी" म्हणून हसण्यावारी नेतात. पण नुसतं विसरणं वेगळं. चष्मा कुठं ठेवला हे मीपण विसरतो. माय मात्र चष्मा कशासाठी असतो तेच विसरली. मेंदूचा आजार आहे हा, जसा किडनीचा असतो, हृदयाचा असतो. यात कालपरवाचं आधी पुसतं, लहानपणचं बराच काळ शिल्लक राहतं. म्हणून तिला सकाळचं जेवण आठवत नाही, 1948 ची रात्र आठवते.

विसरण्याचं एक वेळ निभावून नेता येतं. माणूस बदलतं, ते निभावत नाही.

ज्या सासूनं पंचवीस वर्षांत सुनेला एक वाकडा शब्द बोलला नाही, तीच दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायली, "सुनेनं माझ्या पाटल्या चोरल्या. मला उपाशी ठेवते." त्या पाटल्या तिनं स्वतःच 1972 च्या दुष्काळात मोडल्या होत्या, घरात ज्वारी आणायला. पण हे तिला कोण पटवणार? माझ्या बायकोनं सहा महिने शपथा घेतल्या, रडली, कपाटं उघडून दाखवली. त्यानं भांडण वाढतच गेलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली ती वेगळीच. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणायचा, "माझ्याशी तर चांगलं बोलते, तुम्हीच काहीतरी करत असाल." पाहुणा आला की ही माणसं घटकाभर अगदी शहाणी होतात, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री ती तिसऱ्यांदा बाहेर निघाली. मी दिवसभर रानात सोयाबीन काढून आलो होतो. तिला खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. ती दार बडवत होती, मी ओसरीवर कानात बोटं घालून बसलो. सकाळी कडी काढली तेव्हा तिचा हात सुजला होता. तिनं मला ओळखलं नाही. पण मी जवळ गेलो तसा तिनं तो हात पटकन मागं घेतला. नाव विसरली, नातं विसरली, भीती मात्र विसरली नव्हती.

त्या दिवसापासून मी वागणं बदललं. नांदेडच्या एका डॉक्टरांनी त्यातलं बरंच समजावून सांगितलं, काही ठेच खाऊन कळलं. तुमच्या घरी कुणी असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

एक. वाद घालू नका. "रझाकार नाहीत, देश स्वतंत्र झाला, तू हदगावात आहेस" असं मी वर्षभर सांगितलं. एकदाही उपयोग झाला नाही, उलट ती जास्त घाबरायची. तिच्या डोळ्यांपुढं पूर आलेला आणि पोरगा म्हणतो काहीच नाही, मग ती त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार? आता मी दादा होतो. तिच्याजवळ बसतो आणि म्हणतो, "नदीला पाणी लई आहे. रात्री लेकरं घेऊन कुठं उतरता? सकाळी उतार बघून जाऊ." ती विचार करते, म्हणते, "व्हय, बरोबर हाय," आणि गाठोडं उशाला घेऊन पडते. बायको पाटल्यांच्या बाबतीत म्हणते, "आत्याबाई, सोनाराकडं उजळायला दिल्यात, शुक्रवारी आणू." हे खोटं बोलणं आहे का? मला नाही वाटत. ती जिथं आहे तिथं आपण जायचं, एवढंच. तिला आपल्याकडं येता येत नाही.

दोन. दिवेलागणीच्या आधी तयारी करा. संध्याकाळी उजेड कमी झाला की यांची घालमेल वाढते. आम्ही पाच वाजताच सगळ्या खोल्यांचे दिवे लावतो. टीव्हीवरच्या मारामाऱ्या बंद. तिच्यापुढं परातीत तूर आणि मूग मिसळून ठेवतो, ती निवडत बसते. निवडून झालं की दुसऱ्या दिवशी परत मिसळतो. हाताला ओळखीचं काम मिळालं की मन थाऱ्यावर राहतं.

तीन. अचानक बिघडलं तर आधी शरीर बघा. मागच्या उन्हाळ्यात ती दोन दिवसांत एकदम हिंसक झाली, ताट फेकायली. शेजारी म्हणले बाहेरचं आहे, उतारा टाका. लघवी तपासली तर इन्फेक्शन निघालं, औषधानं आठवड्यात शांत झाली. पोट साफ नसणं, दातदुखी, पाणी कमी पिणं, ऐकू न येणं, यातलं काहीही असू शकतं. तिला सांगता येत नाही, म्हणून ती वागून दाखवते. सुरुवातीला थायरॉइड आणि बी-12 पण तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या मेडिकलवरून मनानं आणून देऊ नका, पडून खुबा मोडला तर माणूस उठत नाही.

चार. देवऋषी, अंगारा, मारझोड यापासून लांब राहा. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारणं-बांधणं हा आपल्या राज्यात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

पाच. सांभाळणाऱ्याला सांभाळा. हे काम बहुतेक घरात सून किंवा बायको करते आणि शिव्याही तीच खाते. भावांनो, पैसे पाठवले म्हणजे वाटा संपला नाही. वर्षातले पंधरा दिवस येऊन राहा. एक रात्र तुम्ही जागा.

आता सार्वजनिक भागाकडं येतो.

मागच्या दिवाळीनंतर माय घरातून निघाली आणि थेट स्टँडवर गेली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, आधार कार्ड तिच्या कमरेच्या बटव्यात कायम असतं. उमरखेडच्या गाडीत बसली. नदी ओलांडायचीच होती तिला, आणि पैनगंगेचा पूल त्याच वाटेवर! "अस्तु" सिनेमा बघितला असेल तर आठवेल, मोहन आगाशेंनी केलेले विद्वान शास्त्रीबुवा हत्तीच्या मागं मागं निघून जातात. आमच्या हदगावात हत्ती नाही, एसटी आहे. कंडक्टर भला माणूस होता. "कुठं उतरायचं आजी?" तर ही म्हणली, "फौज आली का?" त्याला शंका आली. उमरखेडला उतरवून बाकड्यावर बसवलं, चहा पाजला, चौकशा केल्या आणि चार तासांनी निरोप आमच्यापर्यंत आला. तिच्याजवळ आमचा फोन नंबर नव्हता. आता पदराच्या आतल्या बाजूनं नंबर शिवलाय. हे चार तास टळले असते, जर मी एका साध्या प्रश्नाचं उत्तर खरं दिलं असतं.

तो प्रश्न असा. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा. बीपी, शुगर, तंबाखू सगळं विचारतात. त्याच फॉर्ममध्ये साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? तीन वर्षांपूर्वी आशाताईंनी मला हे विचारलं होतं. माय समोरच बसून माझ्या मुलीला "तू कुणाची गं?" विचारत होती. आणि मी म्हणलो, "नाही नाही, वयोमानानं थोडंसं." त्या वर्षी मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. घरात वेडसरपणा आहे अशी आवई उठली तर? मी "नाही" म्हणलो आणि कागदावर माझी माय ठणठणीत झाली.

असे किती "नाही" या तालुक्यात लिहिले गेले असतील? देशभरात झालेल्या लासी-डॅड अभ्यासाचा अंदाज 2023 मध्ये छापून आला. साठीच्या पुढं शंभरात सुमारे सात जणांना डिमेन्शिया, देशात जवळपास 88 लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायांत जास्त. ज्या गावात साठीवरचे दोनशे लोक आहेत तिथं या हिशेबानं चौदा-पंधरा घरं झाली. तुमच्या गावातली चौदा घरं मोजून दाखवा बरं. नाही दाखवता येणार. ती कडीच्या आत आहेत.

पण दोष आमच्या लपवण्याचाच नाही. समजा मी "हो" म्हणलो असतो, तर पुढं काय झालं असतं? आशाताईंनी टिकमार्क केली असती. नंतर तपासायला आम्हाला साठ-सत्तर किलोमीटरवर नांदेडच गाठावं लागलं असतं. गाडीत घाबरणाऱ्या, अनोळखी जागी ओरडणाऱ्या म्हातारीला घेऊन वारंग्यावरून नांदेड आणि ओपीडीची रांग. पूर्ण दिवस, दोन माणसांचा रोज आणि गाडीभाडं. दोनदा गेलं की लोक नाद सोडतात. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळालंय, चांगली गोष्ट आहे. पण ते ॲडमिट झाल्यावर चालतं. या आजारात पेशंट वर्षानुवर्षं घरीच असतो, त्याचा खर्च त्या कार्डात बसत नाही. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम 2010-11 पासून चालू आहे. केरळनं 2014 मध्ये या एकाच आजारासाठी सरकारी उपक्रम घेतला, दिवसभर सांभाळणारं केंद्र काढलं. आपण निदान सुरुवात तरी करू.

लोकप्रतिनिधी आणि आरोग्य विभागाकडं माझं मागणं फार मोठं नाही:

1. आशाताईंच्या फॉर्मवर त्या प्रश्नाला "हो" आलं की ते नाव प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगळ्या यादीत जावं आणि महिन्याच्या आत कुणीतरी घरी जाऊन बघावं.

2. नांदेडहून मानसिक आरोग्याचं पथक महिन्यातून एक ठरलेला दिवस हदगावच्या सरकारी दवाखान्यात आणि एक दिवस तामशाला बसावं. तारीख आधी जाहीर व्हावी.

3. आठवड्यातून दोन दुपारी एखादं समाजमंदिर अशा म्हाताऱ्यांसाठी उघडं ठेवावं, म्हणजे घरच्या बाईला दोन तास पाठ टेकता येईल. जागा सरकारनं द्यावी, बसायला माणसं आपण गावकरी देऊ. पहिलं नाव माझं लिहा.

4. स्टँड, पोलीस ठाणं, रिक्षावाले आणि दत्तबर्डीवरचे दुकानदार यांना एवढंच सांगून ठेवावं: एकटी, गोंधळलेली म्हातारी दिसली तर बसवा, पाणी द्या, रागावू नका, 112 ला कळवा.

तोपर्यंत दोन नंबर लिहून ठेवा. टेलिमानस 14416, मानसिक आरोग्यासाठी. एल्डरलाइन 14567, ज्येष्ठांसाठी. दोन्ही फुकट आहेत.

21 सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन आहे. मुक्तिसंग्राम दिनानंतर बरोबर चार दिवसांनी. माझं एकच म्हणणं आहे. आशाताई पुढच्या वेळी दारात आल्या की खरं सांगा. लेकीचं लग्न मोडत नाही. माझ्या मुलीचं झालं, त्याच घरात जिथं आम्ही शेवटी सगळं सांगून टाकलं. व्याही म्हणाले, "आमच्याकडंही आजोबा असेच होते, आम्ही कुणाला बोललो नाही." दोन्ही घरं एकच गोष्ट लपवत होती.

पोस्ट लिहिता लिहिता सहा वाजले. आतून गाठोड्याची खुडबुड ऐकू यायलीय. जातो. नदीला पाणी किती आहे ते सांगायचंय.

(तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणी असेल तर कमेंटमध्ये नुसतं गावाचं नाव टाका, माणसाचं नको. गावांची यादी झाली की निवेदन घेऊन दवाखान्यात सोबत जाऊ.)