विश्लेषण : सोटोच्या साडेसहा हजार कोटींचा हिशोब एप्रिलमध्येच लागतो का?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. मार्चअखेरीस सुरू होऊन सप्टेंबर संपेपर्यंत जवळपास रोज एक सामना. तरीही न्यूयॉर्क मेट्सच्या चाहत्यांचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या तीस सामन्यांतच लागतो. संघ गेला, अमक्यावर पैसे वाया घालवले, तमक्याला सोडायला नको होते! खेळाडूंचे करार दहा-पंधरा वर्षांचे आणि चाहत्यांचा धीर एका महिन्याचा, असे हे व्यस्त प्रमाण. हा राग कितपत खरा आणि तो कोणावर निघायला हवा, हा प्रश्न यंदा नेहमीपेक्षा महत्त्वाचा आहे. कारण खेळाडू आणि संघमालक यांच्यातील सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे.

सोटोच्या बाबतीत काय घडले?

डिसेंबर २०२४ मध्ये २६ वर्षांचा हुआन सोटो न्यूयॉर्कमध्येच एका संघातून दुसऱ्या संघात गेला. यँकीज सोडून तो मेट्सकडे आला तो १५ वर्षांसाठी, ७६.५ कोटी डॉलरवर. तेव्हाच्या दराने हे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये होतात. एकूण रकमेचा विचार केला, तर सांघिक खेळातील हा आजवरचा सर्वात मोठा करार. त्यातली साडेसात कोटी डॉलरची रक्कम नुसत्या स्वाक्षरीची. करार संपेल तेव्हा सोटो चाळिशीत असेल.

एवढ्या पैशांत पहिल्या दिवसापासून चेंडू मैदानाबाहेर जायला हवेत, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. एप्रिल २०२५ फिका गेला. मेच्या मध्यावर यँकी स्टेडियमवर जुन्या चाहत्यांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली, ते अपेक्षितच होते. पण त्यानंतर ‘हा जीव तोडून पळत नाही’ अशी टीका मेट्सच्या गोटातूनही सुरू झाली. मग जून उजाडला आणि सोटो त्या महिन्यातला नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हंगामअखेर त्याच्या नावावर ४३ होम रन, १०५ धावांना हातभार, १२७ वॉक आणि ३८ चोरलेले बेस होते. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो तिसरा आला.

गंमत पुढेच आहे. सोटो चाचपडत होता तेव्हा संघ जिंकत होता. जूनच्या मध्यावर मेट्सची कामगिरी ४५ विजय आणि २४ पराभव अशी, म्हणजे साऱ्या लीगमध्ये सर्वोत्तम होती. सोटो तळपू लागला आणि संघ बुडाला. उरलेल्या ९३ सामन्यांत फक्त ३८ विजय मिळाले. शेवटच्या दिवशी मायामीत हार पत्करावी लागली. सिनसिनाटी रेड्सचेही मेट्सइतकेच ८३ विजय होते, पण आपसातल्या सामन्यांत रेड्स सरस ठरल्याने मेट्स बाद फेरीबाहेर गेले. थोडक्यात, मेमध्ये खेळाडूबद्दल काढलेला निष्कर्ष चुकला आणि जूनमध्ये संघाबद्दल काढलेलाही.

पहिला महिना इतका फसवा का?

यात गूढ काही नाही, साधे अंकगणित आहे. ज्या फलंदाजाला दीर्घकाळात शंभर प्रयत्नांत २८ हिट मिळतात, तो चांगला फलंदाज समजला जातो. एका महिन्यात त्याच्या वाट्याला साधारण शंभरच प्रयत्न येतात. त्यात केवळ योगायोगाने हा आकडा कधी २३ होतो, कधी ३३. तेवीसवाल्याला संघातून काढा म्हणणारे आणि तेहतीसवाल्याला आणखी दहा वर्षे बांधून ठेवा म्हणणारे, दोघेही बऱ्याचदा निव्वळ नशिबाचा आकडा वाचत असतात.

संघांचेही तसेच. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या ५० सामन्यांपैकी ३१ गमावले होते. प्रशिक्षकाला हाकला अशी ओरड सुरू होती. त्याच संघाने ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या संघातला २० वर्षांचा एक पोरगा म्हणजे हाच सोटो. खुद्द मेट्सही २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीला २४ विजय आणि ३५ पराभव अशा अवस्थेत होते आणि तरीही नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले.

म्हणून चाहत्यांची धास्ती अगदीच पोकळ ठरवता येत नाही. एप्रिल महिना खेळाडूबद्दल फार थोडे सांगत असला, तरी त्यातला प्रत्येक पराभव गुणतक्त्यात पूर्ण मोजला जातो. २०२५ मध्ये मेट्सला आणखी एकच विजय हवा होता. तो सप्टेंबरमध्ये हुकला तसा एप्रिलमध्येही हुकलाच होता. शिवाय पिचरच्या चेंडूचा घटलेला वेग किंवा बॅटवरून चेंडू सुटण्याची गती या गोष्टी लवकर बोलू लागतात. जाणता चाहता पहिल्या महिन्यात तिकडे पाहतो.

मग हुर्यो नेमकी कशाची उडते?

बहुतेक वेळा खेळाची नव्हे, कराराच्या आकड्याची. मेट्सचा शॉर्टस्टॉप फ्रान्सिस्को लिंडोर याचे उदाहरण बोलके आहे. २०२१ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर त्याने १० वर्षांसाठी ३४.१ कोटी डॉलरचा करार केला. पहिले काही आठवडे बॅट चालली नाही आणि घरच्याच मैदानावर हुर्यो सुरू झाली. त्या नव्या कराराचे पहिले वर्ष होते २०२२! म्हणजे जो करार अजून लागूच झाला नव्हता, त्याची वसुली प्रेक्षक एप्रिलमध्ये मागत होते. ऑगस्टमध्ये लिंडोर आणि काही सहकाऱ्यांनी प्रेक्षकांकडे अंगठा खाली करून दाखवला आणि शहरात गदारोळ झाला. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, हाच लिंडोर सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला. तेव्हा ‘एमव्हीपी’चा घोष करणारे प्रेक्षक वेगळे नव्हते.

वानखेडेवर २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्याच्या वाट्याला आलेला अनुभव आठवला, तर हे परके वाटणार नाही. मात्र एक मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये संघाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते आणि तीन वर्षांनी बहुतेक खेळाडू पुन्हा लिलावात येतात. चूक झाली तर ती तिथे फिटते. बेसबॉलमध्ये ती दशकभर पुरते.

करार इतके लांब आणि महाग का होतात?

चाहत्यांच्या चर्चेत सर्वात कमी येणारा आणि सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे. मेजर लीगमध्ये आलेला तरुण साधारण सहा वर्षे एकाच संघाला बांधलेला असतो. त्यातली पहिली तीन वर्षे पगार किमान दराच्या आसपास असतो. २०२५ मध्ये हा दर होता ७ लाख ६० हजार डॉलर. पुढची तीन वर्षे लवादामार्फत वाढ मिळते. सहा वर्षे भरली की खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे कुणाशीही करार करायला मोकळा. ही मोकळीकही फुकट मिळालेली नाही. १९७५ च्या डिसेंबरमधील लवाद पीटर सायट्झ यांच्या निवाड्यानंतरच ती खऱ्या अर्थाने आली. त्याआधी खेळाडू जवळपास आयुष्यभर एकाच मालकाचा असे.

या व्यवस्थेत फायदा कोणाचा? पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. त्याचा मूळ पगार दहा लाख डॉलरपेक्षाही कमी होता. बेसबॉलपटूचा बहर साधारण पंचविशी ते तिशीचा. त्यातली मोलाची वर्षे संघ स्वस्तात वापरतो आणि खेळाडू मोकळा होतो तेव्हा बहर सरत आलेला असतो. मग तो मागची थकबाकीही पुढच्या करारात मागतो. पस्तिशीतल्या खेळाडूला मिळणारे कोट्यवधी डॉलर पाहून चाहता चक्रावतो, पण त्यातला बराच हिस्सा पंचविशीतल्या खेळाचा असतो. सोटो कोवळ्या वयात लीगमध्ये आला म्हणून २६ व्या वर्षीच मोकळा झाला. त्याच्या किमतीचे खरे कारण हेच.

लांबीचे कारण वेगळे आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे पगारखर्च करणाऱ्या संघाला ‘लक्झरी टॅक्स’ भरावा लागतो. २०२५ मध्ये ही मर्यादा होती २४.१ कोटी डॉलर. हा कर मोजताना कराराची एकूण रक्कम वर्षांच्या संख्येने भागतात. तीच रक्कम दहाऐवजी पंधरा वर्षांत पसरली, की दरवर्षीचा आकडा खाली येतो. म्हणजे चाळिशीतल्या खेळाडूला पगार देण्याचे जे ‘वेड’ चाहत्यांना दिसते, ती मालकाच्या हिशोबनिसाची करबचत असते.

जोखीम अर्थातच खरी आहे, कारण पगार जवळजवळ पूर्ण हमीचा असतो. एंजल्सने अँथनी रेंडनला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर दिले; दुखापतींमुळे तो एकाही हंगामात ६० सामने खेळू शकला नाही. बाल्टिमोर ओरिओल्सचा क्रिस डेव्हिस १६.१ कोटींच्या करारावर होता. २०१८ ते २०१९ असे दोन हंगाम मिळून सलग ५४ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाली नाही. तो २०२१ मध्ये निवृत्त झाला, पण त्याच्या पैशांचे लांबवलेले हप्ते २०३७ पर्यंत चालणार आहेत. आणि मेट्सच्या चाहत्यांना बॉबी बोनिया विसरणे शक्यच नाही. १९९९ मध्ये मेट्सकडून शेवटचे खेळलेल्या या खेळाडूला दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर मिळतात, तेही २०३५ पर्यंत. देणे होते फक्त ५९ लाखांचे. तेव्हाच्या मालकांनी ते आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले, कारण बर्नार्ड मॅडॉफकडे गुंतवलेला पैसा त्याहून जास्त परतावा देईल असा त्यांचा समज होता. यात बोनियाचा दोष शोधूनही सापडत नाही.

अलोन्सोला सोडले ते चूक की बरोबर?

इथे चाहत्यांची दुसरी बाजू दिसते. पीट अलोन्सो २०२५ च्या सुरुवातीला असा काही खेळला की ‘याला आत्ताच्या आत्ता मोठा करार द्या’ ही मागणी जोरात होती. ऑगस्टमध्ये तो मेट्सच्या इतिहासात सर्वाधिक होम रन मारणारा खेळाडू झाला. डिसेंबरमध्ये तो पाच वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलरवर बाल्टिमोरला निघून गेला. डेव्हिसचे हप्ते अजून फेडणाऱ्या संघाने पुन्हा एका तिशीतल्या फर्स्ट बेसमनवर डाव लावला, हा योगायोग वाचकाने नोंदवावा. मेट्सच्या व्यवस्थापनाचा निर्णय वयाच्या गणितात बसतो. पण आपल्याच संघात घडलेला, सात वर्षे डोळ्यांसमोर मोठा झालेला खेळाडू गेल्याचे दुःख त्या गणितात बसत नाही आणि चाहत्याने ते बसवावे असेही नाही. तिकीट तो भावनेसाठीच काढतो.

यंदा पणाला काय लागले आहे?

‘खेळाडू फार पैसे घेतात’ ही चाहत्यांची तक्रार मालकांना सोयीची आहे. बेसबॉल हा अमेरिकेतील बड्या खेळांपैकी एकमेव, ज्यात संघाच्या पगारखर्चावर मर्यादा, म्हणजे ‘सॅलरी कॅप’ नाही. नव्या करारात ती आणावी, असा सूर मालकांच्या बाजूने वाढतो आहे. खेळाडूंच्या संघटनेचा तिला कायमचा विरोध आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे पटकावल्याने ‘पैसा जिंकतो’ हा युक्तिवाद बळावला आहे. मेट्सचा अनुभव नेमका उलटा. २०२३ मध्ये विक्रमी खर्च करून त्यांना ७५ विजय मिळाले, २०२५ मध्ये ८३.

पिट्सबर्ग किंवा मायामीच्या चाहत्याला कॅप हवी वाटणे स्वाभाविक आहे. पण खेळाडूचा पगार कापला म्हणून तिकीट स्वस्त होत नाही. तिकिटाचा दर मागणीवर ठरतो. कमाल मर्यादेबरोबर किमान खर्चाची सक्ती आणि तरुणांच्या पहिल्या सहा वर्षांचा मोबदला यांवर तोडगा नसेल, तर वाचलेला पैसा मालकांच्याच खिशात राहील.

१९९४ मध्ये याच मुद्द्यावर खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. मागचा करार संपल्यावर मालकांनी डिसेंबर २०२१ मध्ये टाळेबंदी केली, ती ९९ दिवस चालली. हंगाम उशिरा सुरू झाला, पण १६२ सामने कसेबसे पार पडले. या वेळी मुद्दा कॅपचा असल्याने तडजोड अधिक अवघड आहे. १ डिसेंबरपर्यंत ती झाली नाही आणि टाळेबंदी मार्चपुढे लांबली, तर २०२७ च्या एप्रिलमध्ये हुर्यो उडवायला मैदानावर कोणी नसेल.