बॅकअप घेतलाय, पण परत आणून पाहिलाय का?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणीही आता संगणकाशिवाय काम हलत नाही. सातबारा आणि पीकविम्याची माहिती सरकारी सर्व्हरवर असते, ती सांभाळायला माणसं नेमलेली आहेत. पतसंस्थेची खाती, शाळेचे निकाल, दवाखान्यातल्या नोंदी, कृषी सेवा केंद्राची उधारी मात्र अनेकदा टेबलाखालच्या एकाच संगणकात असते. बॅकअप म्हणून ड्रॉवरमध्ये एक पेन ड्राइव्ह. आग लागली किंवा चोरी झाली तर दोन्ही एकदमच जातात.

मार्च २०२१मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा व्हायरस मुख्यालयापासून प्रादेशिक कार्यालयांपर्यंत पोचला, कामकाज ठप्प झालं. बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेला होता, म्हणून त्याला लागण झाली नाही. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच घाला पडला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, कित्येक दिवस केसपेपर हातानं लिहावे लागले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती व्हायरस न पोचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे.

खर्च परवडत नाही, ही सबब आता चालणार नाही. बॅक्युला, बॅकअप-पीसी, अर-बॅकअप, रेस्टिक ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि ती कच्ची नाहीत. बॅक्युलाचं काम २०००पासून सुरू आहे. बॅकअप-पीसी दहा संगणकांवर असलेली एकच फाइल दहादा न साठवता एकदाच साठवतं, त्यामुळे छोट्या डिस्कवरही महिनोन्‌महिन्यांच्या प्रती मावतात. शिवाय ते स्वतः प्रत्येक संगणकाकडे जाऊन माहिती ओढून आणतं. बॅकअपच्या यंत्राचा पासवर्ड कर्मचाऱ्याच्या संगणकावर ठेवावाच लागत नाही, म्हणून तिथे शिरलेल्या व्हायरसला जुन्या प्रती पुसणं अवघड जातं. शाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून मोठी डिस्क जोडली, तरी एवढं काम भागतं. खर्च डिस्कचा आणि शिकण्याच्या वेळेचा.

हा वेळ काढायला कुणी तयार नसतं, खरी अडचण इथे आहे. बॅकअप उद्योगात पुण्याचं नाव जगभर आहे. व्हेरिटासचं मोठं केंद्र तिथे उभं राहिलं, ड्रुवा ही कंपनी २००८मध्ये तिथेच सुरू झाली. त्या ज्ञानाचा थोडा अंश तरी परभणी जिल्ह्यातल्या आयटीआय आणि महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत यायला हवा. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उघडून, मोडून, पुन्हा जोडून शिकता येतं. परवाना विकत घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला ही मोकळीक देत नाही.

नुसता बॅकअप घेणंही पुरेसं नाही. गिटलॅब ही प्रोग्रामरांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्यानं चुकून मुख्य डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचं उघड झालं. योगायोगानं हाती लागलेल्या सहा तास जुन्या प्रतीवर काम निभावलं. दक्षिण कोरियात तर सप्टेंबर २०२५च्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती जळाली. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती.

पतसंस्थांचं लेखापरीक्षण दरवर्षी होतंच. लेखापरीक्षकानं रोख शिल्लक मोजताना आणखी एक गोष्ट मागावी: दुसऱ्या संगणकावर, आपल्यासमोर, मागच्या महिन्याची खाती बॅकअपमधून परत आणून दाखवा. सहकार खात्यानं हे सक्तीचं करावं. शाळा आणि ग्रामपंचायतींनी मात्र खात्याच्या आदेशाची वाट न पाहता येत्या शनिवारीच एक फाइल परत आणून पाहावी.